दांडीची अधिकृत उंची

उंच उडी हा जगातला सर्वांत प्रामाणिक खेळ आहे, कारण त्यात विजेत्यालाही शेवटी हरूनच घरी जावे लागते. धावणारा फीत तोडतो आणि हात वर करून मोकळा होतो. पोहणारा भिंतीला हात लावतो आणि टॉवेल मागतो. उंच उडीवाल्याचे तसे नाही. सगळे प्रतिस्पर्धी बाद झाले, सुवर्णपदक पक्के झाले, तरी पंच दांडी आणखी वर चढवतात आणि हा गडी ती तीनदा पाडल्याशिवाय मैदान सोडत नाही. (नियमाने त्याला आधी थांबता येते, पण थांबलेला कोणी पाहण्यात नाही. बांबू घेऊन उडणाऱ्यांचेही असेच असते. परंतु ते बांबू घेऊन उडतात, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.) जीवनाच्या इतर क्षेत्रांनी ही कठोर पद्धत केव्हाच टाकून दिली आहे. संसारात, साहित्यात आणि सार्वजनिक कामात माणसाला दांडी झेपली नाही, तर दांडी खाली घेतात आणि माणसाचा सत्कार करतात. प्रस्तुत कथा या दुसऱ्या, अधिक प्रगत पद्धतीविषयी आहे.

कथेतले उडीकाका हे आंतरराष्ट्रीय उंच उडीपटू होते आणि आता निवृत्त आहेत. निवृत्ती त्यांना दोनदा मिळाली, एकदा डाव्या गुडघ्याकडून आणि एकदा पाणीपुरवठा खात्याकडून. अंगाने शिडशिडीत, उंचीने ताडमाड, स्वभावाने गरीब. दारातून आत येताना मान वाकवायची इतकी सवय, की उघड्या मैदानातही ते मधूनमधून वाकतात. तरुणपणी परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत, एका ढगाळ दुपारी, त्यांनी अशी उडी मारली की देशाचा विक्रम झाला. तो अजून मोडलेला नाही.

उडी झाली, याबद्दल दुमत नाही. ती कोणी पाहिली, याबद्दल मात्र पुराव्याची चणचण आहे. नेमकी त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या कडेला शंभर मीटरची शर्यत सुटली आणि टीव्हीचा कॅमेरा तिकडे वळला. परत वळला तेव्हा काका गादीवर उताणे पडलेले होते, त्यामुळे निवेदकाने "खेळाडूला दुखापत झालेली दिसते" असे सांगून हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पण पानाच्या खालच्या अंगाला पंख्यांची जाहिरात असल्यामुळे जागेअभावी दांडी कापावी लागली. छायाचित्रात एक गृहस्थ हवेत निवांत पहुडलेले दिसतात आणि त्यांच्या खाली पंखा दिसतो. जाहिरात अतिशय परिणामकारक ठरली असे म्हणतात.

घरच्यांपैकी काकू तिथे होत्या. लग्न नवे होते, आणि "तुम्ही काय करता ते एकदा बघू तरी द्या" असा हट्ट धरून त्या बरोबर गेल्या होत्या. नेमक्या त्या क्षणी त्या थर्मासचे झाकण शोधत होत्या. झाकण बाकाखाली सापडले. त्यांनी मान वर केली तेव्हा पंचाने पांढरे निशाण दाखवलेले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या. काका धावत त्यांच्याकडे आले. काकूंनी हात उंचावून सांगितले, "झाकण सापडलं!" विक्रमानंतर काकांच्या कानावर पडलेले हे पहिले शब्द होत, आणि ते त्यांच्या अजून लक्षात आहेत.

सरकारने विक्रमाची तातडीने दखल घेतली. उंचीचा अनुभव असलेला माणूस वाया जाऊ नये म्हणून त्यांना पाणीपुरवठा खात्याच्या उंच टाक्यांच्या शाखेत नेमण्यात आले. ही शाखा तळमजल्यावर होती, जिन्याखाली. टाकी भरली की टाकीवाला फोन करी, "भरली." काका वहीत लिहीत, "भरली." टाकी रिकामी झाली की टाकीवाला फोन करी, "संपली." काका लिहीत, "संपली." या कामात त्यांचे सगळे तारुण्य खर्ची पडले. एकदा टाकीवर जाऊन वरून गाव कसे दिसते ते पाहण्याची परवानगी त्यांनी मागितली होती. पण उंचीवर काम केल्याचा दाखला त्यांच्याजवळ नसल्यामुळे ती नाकारण्यात आली.

गल्लीत मात्र त्यांच्या गुणांची कदर झाली. कोणाचे पिंप माळ्यावर अडकले, कोणाचा दिवा गेला, कोणाच्या छताला जळमटे झाली, की हाक येई, "काका, तुमच्यासाठी काय ते!" उंच माणूस आणि उंच उडी मारणारा माणूस यांत फरक असतो, हे काकांनी सुरुवातीला समजावून पाहिले. नंतर ते मुकाट्याने दिवे बदलू लागले. काकूंचा धाकटा भाऊ तर तोंडावर बोलून दाखवी.

"दाजी, राग मानू नका. पण तुमच्याएवढे पाय असते तर मीसुद्धा मारली असती उडी."

"उंटाचे पाय तुझ्या दाजींपेक्षा लांब असतात," काकू आतून म्हणत. "किती पदकं आहेत उंटाच्या घरी?"

काकू नवऱ्याची बाजू अशी जिवाच्या आकांताने घेत. फक्त कशाची बाजू घेत आहोत ते त्यांनी पाहिलेले नव्हते.

आता सत्कारांविषयी. निवृत्त खेळाडूची खरी कारकीर्द निवृत्तीनंतर सुरू होते. मैदानावर काका दहा वर्षे होते, व्यासपीठावर तीस. या काळात त्यांना एकोणीस भिंतीवरची घड्याळे मिळाली (पैकी चालू सात, बरोबर वेळ दाखवणारी शून्य), चार पेनस्टँड आणि एक प्रेशर कुकर, जो दुसऱ्या सत्कारमूर्तींचा होता पण ते आले नव्हते. प्रत्येक वक्त्याने काकांनी गगनाला गवसणी घातल्याचे सांगितले. गवसणी एकदा गगनाला घातली म्हटल्यावर पुढे मीटर-सेंटिमीटर सांगणे म्हणजे पाहुण्याचा पाणउतारा करणे होय, म्हणून आकडा कोणी सांगत नसे. काका तो मनात तयार ठेवून बसत. सत्काराला उत्तर द्यायला उठत, घसा साफ करत, ध्वनिक्षेपक स्वतःच्या तोंडापर्यंत वर ओढत. तो वर येईपर्यंत सूत्रसंचालक जाहीर करी, की वेळेअभावी कार्यक्रम इथेच संपत आहे.

अशा रीतीने सगळे सुरळीत चालले असताना चौकातला चौथरा रिकामा झाला.

या चौथऱ्यावर पूर्वी एका थोर गृहस्थांचा पुतळा होता. मध्यंतरी ते तितकेसे थोर नव्हते असे निष्पन्न झाल्यामुळे पुतळा गोदामात हलवण्यात आला. चौथऱ्याविरुद्ध मात्र काहीही निष्पन्न झाले नव्हते. रिकामा चौथरा गावात ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यावर चढून कोणीही भाषण करू शकते. म्हणून नगरपालिकेने नवा पुतळा बसवण्याचे ठरवले आणि कोणाचा, हे ठरवण्यासाठी समिती नेमली. मृत व्यक्तींचा विचार करताना असे आढळले की त्यांचे वारस भांडतात. हयात माणसाच्या पुतळ्याचा मोठा फायदा असा, की त्याचे माप घेता येते. शिवाय काका कोणाशी भांडत नाहीत, हे तर टाकीवालाही सांगू शकला असता.

नगराध्यक्ष स्वतः घरी आले. बरोबर पालिकेचे अभियंते होते.

"काका, गावानं ठरवलंय. पुतळा!"

"कुणाचा?" काकांनी विचारले.

"अहो, तुमचाच! नाही म्हणायचं नाही."

काकू दारात उभ्या होत्या, त्या पटकन आत जाऊन चहा ठेवून आल्या. काका पुढे सरकून बसले. मग हात चोळत म्हणाले, "माझी एकच विनंती आहे. दांडी तेवढी खऱ्या उंचीवर लावा. बाकी माझं नाक कसं का येईना."

"हा तर तुमचा हक्कच आहे!" अध्यक्ष म्हणाले. "लिहून घ्या हो."

अभियंत्यांनी वहीत लिहून घेतले, "उंची — खरी." चहा पिऊन दोघे गेले.

त्या संध्याकाळी काका उगाच घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. त्यांना पुतळ्याचे फारसे काही नव्हते. पण चौकात दोन खांब उभे राहतील, त्यांवर दांडी असेल, आणि भाजी आणायला निघालेली आपली बायको एकदा थांबून मान वर करून बघेल, एवढ्या विचाराने त्यांना एका जागी बसवत नव्हते. हे त्यांनी काकूंना बोलून दाखवले नाही. असा विषय काढला की तो थर्मासवर जाई, मग काकूंना वाईट वाटे, आणि मग काकांनाच त्यांची समजूत घालावी लागे.

समितीची पहिली बैठक काकांच्या उपस्थितीत मातीच्या नमुन्यावर झाली. शिल्पकार तरुण होता आणि त्याने अभ्यास केलेला होता, त्यामुळे सुरुवातीलाच अडचण आली. त्याने काकांना अगदी जसे उडत तसे घडवले होते. पाठ दांडीकडे, शरीराची कमान, डोके पलीकडे गेलेले, पाय अजून अलीकडे.

"हे उताणे का पडलेत?" अध्यक्षांनी विचारले.

"उडी अशीच असते साहेब. उलटी."

"आम्ही शाळेत पोटावरून मारायचो."

"ती जुनी पद्धत."

"जुनं ते सोनं," अध्यक्ष म्हणाले. पण तेवढ्यावरून त्यांनी नमुना फेटाळला नाही, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच होते. खरा प्रश्न पायांचा निघाला. उताण्या माणसाचे पाय कोणत्या तरी दिशेला येणारच. पूर्वेला नगरपालिका होती. तिच्याकडे पाय करणे म्हणजे लोकशाहीला लाथ दाखवणे. पश्चिमेला पोलीस ठाणे होते. तिकडे पाय करायला कोणी तयार नव्हते. उत्तरेला शाळा होती, तिथे वाईट संस्कार होण्याची भीती. दक्षिणेला रुग्णालय; तिकडे पाय करून आडवा झालेला माणूस पाहून रुग्णांचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. चारही दिशा अशा रद्द झाल्यावर समितीने एकमताने ठराव केला, की पुतळ्याचे पाय खाली असावेत. पाय खाली आल्यावर माणूस उभा राहतो, हे अभियंत्यांनी तांत्रिक दृष्ट्या तपासून सांगितले.

उंच उडीत प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न असतात. काकांनी त्या दिवशी पहिला प्रयत्न केला.

"पण उभा माणूस उडी मारतोय, असं कसं दिसेल?"

"दिसायला कशाला पाहिजे?" अध्यक्ष म्हणाले. "खाली पाटी आहे ना."

दुसऱ्या बैठकीला नवा नमुना आला. काका सरळ उभे, छातीवर पदक, आणि शेजारच्या दोन खांबांवर खऱ्या उंचीवर दांडी. खरी उंची असल्यामुळे ती काकांच्या डोक्यावरून जात होती. दोन खांब, वर आडवे लाकूड, खाली हात सोडून उभा असलेला गरीब चेहऱ्याचा माणूस.

"याला फक्त दोर लावायचा राहिलाय," अभियंते हळूच म्हणाले.

गावात फाशीचा देखावा नको, म्हणून दांडी गळ्याखाली घेण्यात आली. पण तिथे ती पदकावर येत होती, म्हणून पदकाखाली. पदकाखाली आल्यावर काकांचे हात आपोआप तिच्यावर टेकवावेत असे शिल्पकाराला सांगण्यात आले, कारण नुसते लोंबकळणारे हात बेकार माणसासारखे दिसतात. आता पुतळ्यात एक गृहस्थ फाटकावर रेलून रस्त्यावरची रहदारी पाहत होते.

काकांनी दुसरा प्रयत्न केला. "ही माझी उंची नाही, साहेब."

"कशी नाही?" अभियंते कळवळून म्हणाले. "काका, चौथरा धरा ना! चौथऱ्याची उंची मिळवली तर तुमचा विक्रम मोडतो. आणि समुद्रसपाटीपासून मोजलं तर जगात कोणी जवळपाससुद्धा नाही."

हे ऐकून समितीने काकांचे अभिनंदन केले. शिल्पकार खिडकीबाहेर बघत होता. त्याने नमुन्याचे हात मुकाट्याने दांडीवर टेकवले. त्याचे बिल पुतळा बसल्यावर निघणार होते.

तिसरी बैठक उद्घाटनाच्या तयारीसाठी होती. पडदा ओढायला मंत्री येणार होते. मंत्री सर्वार्थाने मोठे होते, फक्त उंचीचा अर्थ सोडून. पुतळ्याच्या शेजारी ते उभे राहिले तर दांडी छायाचित्रात त्यांच्या चेहऱ्यावरून जाईल, असे कागदावर आकृती काढून दाखवण्यात आले. म्हणून दांडी मंत्र्यांच्या छातीखाली आली. तिथे ती त्यांच्या पोटाला टेकत होती, म्हणून आणखी खाली. शेवटी शाळेकडून सूचना आली, की मुले दांडीला लोंबकळतील आणि पडतील. तेव्हा पडले तरी लागू नये इतक्या उंचीवर ती असावी. अशा सर्वांच्या सहकार्याने दांडी गुडघ्यापाशी येऊन स्थिरावली. ती कोणाच्या धक्क्याने पडू नये म्हणून खांबांना वेल्डिंगने पक्की करण्यात आली. न पडणारी दांडी हे नगरपालिकेचे या खेळाला मोलाचे योगदान आहे. या शोधामुळे हरण्याचा प्रश्न कायमचा मिटला.

"साहेब," काका उभे राहून म्हणाले, "मी एकच गोष्ट मागितली होती."

अध्यक्ष उठले. त्यांना काकांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो पोहोचेना, म्हणून त्यांनी कोपरावर ठेवला. "काका, तुमच्यासारख्या उंचीच्या माणसानं असल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालू नये."

तिसरा प्रयत्न संपला. काकांनी सर्वांचे आभार मानले आणि ते खाली बसले.

घरी काकू चिडल्या. "अहो, असे कसे गप्प बसलात? उद्या परत जा. ठणकावून सांगा!"

"तीनदा सांगून झालं."

"मग चौथ्यांदा सांगा!"

"तसं नसतं," काका म्हणाले. "तीन झाले की बूट सोडायचे, पंचांशी हात मिळवायचा आणि निघायचं. चौथा प्रयत्न मागितलेला माणूस मी बघितला नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. एवढा सरळ माणूस आपल्याच वाट्याला का आला, असे त्यांनी भावाला विचारले. भाऊ म्हणाला, दाजी चांगलेच आहेत, फक्त जरा लांब आहेत.

उद्घाटन थाटात झाले. पडदा ओढला गेला. पुतळ्यातले काका ज्या हातांनी रेलून उभे होते ते हात हवेतच राहिले होते, कारण दांडी खाली गेल्याचे शिल्पकाराला कळवायचे राहून गेले होते. त्यामुळे पुतळा अदृश्य फाटकावर रेललेला होता आणि दृश्य दांडी त्याच्या गुडघ्याशी होती. मंत्र्यांना ते फार आवडले. "साधेपणा आहे," ते म्हणाले, आणि उत्साहाच्या भरात धोतराचा सोगा असावा तशी पँट चिमटीत धरून त्यांनी दांडी ओलांडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालकाने सांगितले, की मंत्रिमहोदयांनी या वयातही राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली आहे.

मग काय, एकच झुंबड उडाली. अध्यक्षांनी बरोबरी केली. अभियंत्यांनी फाइल काखेत धरून बरोबरी केली. मंडपवाला खुर्च्या उचलून नेत होता, त्याने येता-जाता दोनदा केली. काकूंच्या भावाने थोडे मागून धावत येऊन बरोबरी केली आणि लोकांकडे बघून मान डोलावली. अधिकृत माहितीनुसार त्या सकाळी गावातले चारशे बारा लोक राष्ट्रीय दर्जाचे उंच उडीपटू ठरले. इतके खेळाडू एका दिवसात घडवणारी दुसरी नगरपालिका ऐकिवात नाही.

"काका, आता तुम्ही!" कोणीतरी ओरडले. "एक फोटो होऊन जाऊ दे!"

काका नको नको म्हणत होते, पण त्यांना पुढे ढकलण्यात आले. डावा पाय हा त्यांचा उडीचा पाय. जन्मभर त्याच पायावर त्यांनी अंगाचा सगळा भार उडवला होता आणि आता तो पुरता वाकतही नव्हता. जिना चढताना ते कठडा धरत. त्यांनी दांडीकडे पाहिले. सवयीने दोन पावले मागे सरकले, कडेने वळून आले, उजवा पाय उचलून पलीकडे टाकला, आणि डावा उचलताना तो दांडीला घासला. बूट वाजला. दांडी अर्थातच हलली नाही. लोक टाळ्या वाजवू लागले.

काकांनी हात वर केला. "पाय लागला," ते म्हणाले.

"चालतं हो काका!"

"नाही. लागला. लाल निशाण."

"अहो, पडली कुठे दांडी?"

"दुसरी असती तर पडली असती," काका म्हणाले. त्यांनी मंत्र्यांशी हात मिळवला, अध्यक्षांशी हात मिळवला, आणि दांडीला वळसा घालून ते काकूंपाशी जाऊन उभे राहिले. सूत्रसंचालकाची पंचाईत झाली. विक्रम ज्याचा, तोच त्या दिवशी बाद होणारा एकटा होता. शेवटी सूत्रसंचालकाने वेळेअभावी कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले.

दोघे चालत घरी आले. घरात आल्यावर काका खुर्चीत बसले आणि गुडघा चोळू लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो."

"काय?"

"खरी किती होती हो?"

काकांचा हात गुडघ्यावर थांबला. तीस वर्षे आणि एकोणीस घड्याळे यांच्या काळात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आकडा जिभेवर तयार होता. पण त्यांनी तो सांगितला नाही. ते उठले, टेबलावरचा खडू घेतला, भिंतीपाशी गेले, आणि हात वर, आणखी वर नेऊन त्यांनी एक आडवी रेघ मारली.

काकूंनी मान वर केली. मग स्टूल ओढले, त्यावर चढल्या, भिंतीला हात टेकवून टाचा उंचावल्या. रेघ त्यांच्या नाकासमोर आली. तिथून त्यांनी खाली जमिनीकडे पाहिले आणि घाबरून काकांचा खांदा धरला.

"एवढी?"

"एवढी."

"उलटं? पाठीवरून?"

"हो."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "आणि मी मेली झाकण शोधत बसले होते!"

"सापडलं ना पण," काका म्हणाले. ते हसत होते, आणि त्यांचेही डोळे पुसण्यासारखे झाले होते. त्यांनी काकूंना हात देऊन खाली उतरवले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी भावाला बोलावून दोन भिंतींना खिळे ठोकून घेतले आणि रेघेच्या उंचीवर खोलीच्या आरपार एक पांढरी दोरी ताणून बांधली. घरात येणारा प्रत्येक जण आता तिच्या खालून जातो. फक्त काका जाताना थोडी मान वाकवतात. येणारे-जाणारे विचारतात, की कपडे वाळत घालायची दोरी इतक्या वर का? हात पोहोचत नाही, थोडी खाली घ्या, उपयोगी पडेल. अध्यक्षही एकदा येऊन हेच सांगून गेले. काकू म्हणतात, दोरी खाली येणार नाही. ज्याला पोहोचायचे असेल त्याने उडी मारावी.

दोरी जमिनीपासून नेमकी किती उंच आहे, हे कोणीही विचारल्याचे अद्याप नोंदलेले नाही. प्रस्तुत कथेत पंखा आला, उंट आला, कुकर आला, नादुरुस्त घड्याळे मोजून आली, समुद्रसपाटीही येऊन गेली. आकडा आला नाही. तो हातात धरून ही कथा पहिल्या परिच्छेदापासून उभी होती, वाचकांपैकी कोणी विचारील म्हणून. काहींच्या मनात प्रश्न आलाही असेल. पण तेवढ्यात पुढे काहीतरी गमतीचे आले आणि ते तिकडे वळले. वाचकांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. टाळ्या त्यांनी वेळेवर वाजवल्या आहेत, आणि झाकण सर्वांना सापडले आहे.